कोकणातल्या वाटांवर माउंटन सायकलचे टायर कसे सांभाळावेत

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एखाद्या सड्यावरून, म्हणजे माथ्यावरच्या सपाट कातळावरून, सकाळी निघालेला सायकलस्वार दुपारी समुद्राला पोहोचतो, तोवर त्याच्या टायरखालून तीन अगदी वेगळ्या जमिनी गेलेल्या असतात. वर उघडा जांभ्याचा कातळ, मधल्या उतारावर पालापाचोळ्याने झाकलेली तांबडी माती आणि दगडी पाखाडी (पायऱ्यांची वाट), आणि सर्वांत खाली पुळणीची, म्हणजे समुद्रकिनाऱ्याची, वाळू. या वाटांवर अनेक वर्षे सायकल चालवल्यावर माझे एक मत पक्के झाले आहे, ते असे की इथे होणारी बहुतेक पंक्चरे आणि बहुतेक पडझड सायकल स्वस्त असल्यामुळे होत नाही, तर तिन्ही जमिनींवर टायरमध्ये एकच हवा ठेवल्यामुळे होते. म्हणून या लेखात सर्वाधिक जागा मी हवेला आणि टायरच्या निगेला दिली आहे. बाकीचे साहित्य त्याच्या ओघाने येईल.

टायर निवडताना

प्रथम आपल्या चाकाचे खरे माप वाचावे. २६, २७.५ आणि २९ इंच ही झाली बोलण्यातली मापे. टायरच्या बाजूवर ‘५७-६२२’ असा जो आकडा छापलेला असतो, तो अधिक विश्वासाचा. त्यातला पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये सांगतो आणि दुसरा रिमवर टायर जिथे बसतो तिथला व्यास सांगतो. २६ इंची चाकासाठी हा व्यास ५५९, २७.५ इंचीसाठी ५८४ आणि २९ इंचीसाठी ६२२ मिलिमीटर असतो. टायर मागवताना हा आकडा जुळवला की चूक होत नाही.

कोकणासाठी २.२५ ते २.४ इंच रुंदीचा टायर मला योग्य वाटतो. त्याहून अरुंद टायर वाळूत रुततो आणि कातळावर पुरेशी कमी हवा ठेवू देत नाही. नक्षीच्या बाबतीत नवखे सायकलस्वार उंच, टोकदार दात्यांकडे ओढले जातात, परंतु कातळावर आणि डांबरी रस्त्यावर असे दाते लवकर झिजतात आणि वळणावर वाकतात. मधले दाते बुटके व जवळजवळ, आणि कडेचे दाते मात्र भक्कम व उंच, अशी रचना वर्षातले आठ महिने उत्तम चालते. दातांमध्ये मोकळी जागा असलेला टायर फक्त पावसाळ्यासाठी ठेवावा, कारण त्या जागेतूनच चिखल बाहेर फेकला जातो.

नक्षीपेक्षाही महत्त्वाची आहे ती टायरची बाजू, म्हणजे साइडवॉल. जांभा हा दगड दिसायला मऊ आणि सच्छिद्र असला तरी उन्हावाऱ्यात उघडा पडलेला जांभा कठीण होत जातो. त्यातला मऊ भाग झिजून निघून जातो आणि लोहाचे प्रमाण अधिक असलेल्या धारदार कडा मागे राहतात. या कडा टायरच्या माथ्याला फारसे काही करत नाहीत, पण बाजू चिरतात. त्यामुळे बाजूला जादा संरक्षक थर असलेला टायर घ्यावा. तो थोडा जड असतो, चढावर ते जाणवतेही, तरी गावापासून आठ किलोमीटर आत सड्यावर बाजू फाटण्यापेक्षा ते वजन परवडते. दोन्ही चाकांना असा टायर घेणे जमत नसेल, तर निदान मागच्या चाकाला तरी घ्यावा, कारण स्वाराचे अधिक वजन तिथेच असते.

हवा किती ठेवावी

टायरवर छापलेली कमाल आणि किमान हवा ही मर्यादा आहे, शिफारस नव्हे. पुढे दिलेले आकडे सुमारे ७० किलो वजनाच्या स्वारासाठी, २.२५ इंची टायर आणि आत ट्यूब आहे असे धरून दिले आहेत. वजनातल्या दर पाच किलोच्या फरकामागे साधारण १ पीएसआय (हवेचा दाब मोजण्याचे एकक) वाढवावी किंवा कमी करावी आणि मग स्वतःच्या अनुभवाने त्यात बदल करावा.

घरापासून वाटेच्या तोंडापर्यंतच्या डांबरी रस्त्यावर ३८ ते ४० पीएसआय ठेवली की पाय कमी दमतात. कातळावर पुढच्या चाकात २७ आणि मागच्या चाकात ३१ च्या आसपास उतरावे. मातीच्या वाटेवर दोन्हीकडे आणखी दोनने कमी करावी. पुळणीवर मात्र १५ ते १८ इतकी कमी चालते, कारण तिथे टायरला दगड लागण्याचा संभव नसतो आणि टायर पसरल्याशिवाय वाळू वजन पेलत नाही. ट्यूबलेस टायर असेल, तर कातळावरचे आणि मातीवरचे आकडे चार ते पाच पीएसआयने खाली आणता येतात, कारण तिथे रिम आणि दगड यांच्यामध्ये चिमटणारी ट्यूबच नसते.

हे सगळे करायचे तर हवा मोजण्याचे साधन स्वतःजवळ असले पाहिजे. अंगठ्याने दाबून हवा ओळखण्याची सवय अनेकांना असते, पण जाड बाजूचा टायर २५ ला आणि ३५ ला बोटाला जवळपास सारखाच लागतो. बोटभर लांबीचे मापक खिशात ठेवावे आणि नेहमी तेच वापरावे. दोन मापकांमध्ये दोन-तीन पीएसआयचा फरक असू शकतो, पण एकच मापक वापरले की तुलना बरोबर राहते. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. पहाटे गारव्यात भरलेली हवा दुपारी तापलेल्या सड्यावर फुगते. तापमान दहा अंशांनी वाढले की ३० पीएसआयच्या टायरमध्ये सुमारे दीड पीएसआय वाढते. मार्च ते मे या काळात म्हणूनच सकाळी थोडी कमी हवा घेऊन निघावे.

पंपाविषयी सांगायचे तर, हवा कमी करणे सोपे आणि पुन्हा भरणे कष्टाचे, त्यामुळे लोक पुळणीवर हवा कमी करतात आणि परतताना त्याच मऊ टायरने कातळ चढतात. तिथेच ट्यूबला सापाच्या दंशासारखी दोन शेजारी छिद्रे पडतात. लांब दांड्याचा छोटा हातपंप, ज्यातून २.२५ इंची टायर दीड-दोनशे दाबांत वर येतो, तो वजनाला थोडा अधिक असला तरी घ्यावा.

व्हॉल्व्हची पूर्वतयारीही घरीच करावी. चांगल्या माउंटन सायकलींना बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह असतो, तर महामार्गावरच्या पंक्चरच्या दुकानात कॉम्प्रेसरचे तोंड मोटारीच्या व्हॉल्व्हचे असते. मधे लावायचा पितळी अडॅप्टर अगदी नगण्य किमतीचा असतो आणि तो नसेल तर समोर कॉम्प्रेसर असूनही हवा भरता येत नाही. तो व्हॉल्व्हवरच बसवून ठेवावा, म्हणजे विसरत नाही. कॉम्प्रेसरने हवा भरताना मात्र अर्ध्या-अर्ध्या सेकंदाचेच झोत द्यावेत आणि प्रत्येक झोतानंतर मापक लावावे. ट्रकच्या टायरसाठीचा तो दाब सायकलची ट्यूब क्षणात फोडतो. माझ्या एका सोबत्याची ट्यूब अशीच डोळ्यांदेखत फुटली आणि त्या दिवशी जवळची एकुलती ट्यूब तिथेच संपली.

सड्यावर

सडा सपाट दिसतो, म्हणून वेग वाढतो, आणि तीच चूक होते. कातळावर बारीक जांभ्याचे खडे गोट्यांसारखे विखुरलेले असतात. त्यांच्यावर पुढचा ब्रेक जोरात दाबला तर चाक घसरते. वेग वळणाआधी, सायकल सरळ असताना कमी करावा आणि वळणात ब्रेक सोडून द्यावा. भातकापणीनंतर खाचरांमध्ये आणि गवत कापल्यावर सड्यावर जे ताठ धसकट उरते, ते तिरके कापलेले असल्याने टायरच्या बाजूत शिरते. तिथून जायचेच असेल तर गुरांनी पाडलेल्या पायवाटेवरच राहावे.

याहून गंभीर बाब चिरेखाणींची आहे. जांभ्याचे चिरे काढून सोडून दिलेल्या खाणींच्या कडा उभ्या, काटकोनात तुटलेल्या असतात, आणि पावसाळ्यानंतर कमरेएवढ्या गवतामुळे त्या दहा फुटांवरूनही दिसत नाहीत. एकदा अनोळखी सड्यावर एका म्हाताऱ्या गुराख्याने मला हात करून थांबवले आणि एवढेच सांगितले, “फुडं खान हाय, उतरून जावा.” पुढे पाहिले तर पाण्याने भरलेला खड्डा वाटेपासून दोन हातांवर होता. अनोळखी सड्यावर पहिल्या खेपेला सायकल चालवण्याआधी ती वाट पायी पाहून यावी, आणि भेटणाऱ्या गुराख्याला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

रत्नागिरी, राजापूर या तालुक्यांतल्या सड्यांवर कातळशिल्पे आहेत. उक्षी, कशेळी, देवाचे गोठणे, बारसू ही त्यांतली माहितीची ठिकाणे, आणि कोकणातल्या या शिल्पांचा समावेश २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत झालेला आहे. ही शिल्पे जमिनीवर, आपण जिथून सायकल चालवतो त्याच कातळावर कोरलेली असतात आणि सर्वच ठिकाणी कुंपण नाही. कातळावर आखीव खोबणी दिसली की लगेच उतरावे आणि सायकल उचलून बाजूने न्यावी. हजारो वर्षे टिकलेली रेघ आपल्या दात्यांखाली जाऊ नये, याविषयी मी फार आग्रही आहे.

उतार, पाखाड्या आणि पंक्चर

सड्यावरून वाडीत उतरणाऱ्या पाखाड्या चिऱ्यांच्या पायऱ्यांनी बांधलेल्या असतात आणि त्या माणसांच्या रोजच्या येण्याजाण्याच्या आहेत. समोरून डोक्यावर भारा घेतलेली बाई येत असेल तर आपणच थांबायचे आणि उतरून कडेला उभे राहायचे. गडग्याचे (दगडी कुंपणाचे) बेडे, म्हणजे फाटक, उघडले तर मागे लावून घ्यायचे, कलमांच्या बागेतून जाण्याआधी मालकाला विचारायचे, आणि देवराईत सायकल न्यायचीच नाही.

तांत्रिक बाजू पाहता, पायऱ्यांवरून उतरताना पेडल समांतर ठेवून नितंब सीटच्या मागे न्यावेत, कोपर सैल ठेवावेत आणि चाक पायरीच्या कडेला काटकोनात लावावे. तिरके लावलेले चाक चिऱ्याच्या कडेवरून सरकते आणि बाजू घासली जाते.

या पट्ट्यात काट्यांचा खरा धनी करवंद. तिचे काटे जोडीने येतात, कित्येकदा टोकाला दुभंगलेले असतात आणि वाळल्यावर खिळ्यासारखे कठीण होतात. पंक्चर काढण्याची रीत मी इथे जरा विस्ताराने सांगतो, कारण घाईने केलेले काम हमखास दोनदा करावे लागते.

चाक काढण्याआधी, मागचे असेल तर, चेन सर्वांत लहान चाकीवर आणावी. टायर काढण्याआधी बाहेरून फिरवून काटा दिसतो का पाहावे आणि दिसला तर त्या जागी खडूने किंवा मातीने खूण करावी. मग उरलेली हवा पूर्ण सोडून दोन्ही बाजूंनी टायरची कड रिमच्या मधल्या खोबणीत ढकलावी. एवढे केले की व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूने प्लास्टिकचे दोन लिव्हर लावून टायर सहज निघतो. लोखंडी पान्याने टायर उचकटू नये, त्याने रिम आणि ट्यूब दोन्ही दुखावतात. ट्यूब काढताना ती टायरमध्ये कशी बसली होती हे लक्षात ठेवावे, म्हणजे ट्यूबमधले छिद्र सापडले की टायरमधली जागाही कळते.

छिद्र शोधायला ट्यूब दुप्पट फुगवून गालाजवळ फिरवावी. पऱ्याचे (ओढ्याचे) पाणी जवळ असेल तर त्यात बुडवावी. जागा सापडल्यावर सॅंडपेपरने रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठा भाग चमक जाईपर्यंत घासावा, पुसून कोरडा करावा आणि सोल्युशनचा पातळ थर लावून किमान पाच मिनिटे थांबावे. बोटाला ओले लागत नाही, फक्त चिकट जाणवते, अशा अवस्थेतच ठिगळ लावायचे असते. कोकणातल्या दमट हवेत, विशेषतः जून ते सप्टेंबर, हे वाळायला दुप्पट वेळ लागतो. ओल्या सोल्युशनवर लावलेले ठिगळ तासाभरात सुटते. ठिगळ मध्यापासून कडेकडे जोरात दाबावे.

यानंतरची पायरी सर्वांत जास्त वेळा चुकते. टायरच्या आत सुती फडके फिरवावे. फडके जिथे अडकते तिथे काट्याचे टोक आहे. ते चिमट्याने काढावे. करवंदीचा काटा बाहेरून काढला तरी दुभंगलेले दुसरे टोक आत तुटून राहिलेले असते आणि नवी ट्यूब दहा मिनिटांत बसते. मग ट्यूबमध्ये आकार येण्यापुरती थोडी हवा भरून ती आत ठेवावी, टायर हातानेच बसवावा, शेवटचा भाग व्हॉल्व्हपाशी यावा, आणि पूर्ण हवा भरण्याआधी दोन्ही बाजूंनी ट्यूब कुठे चिमटलेली नाही ना हे पाहावे. टायरच्या बाजूवरचा बाण फिरण्याच्या दिशेला हवा, आणि कंपनीचे नाव नेहमी व्हॉल्व्हच्या रेषेत ठेवले की पुढच्या वेळी काटा शोधणे सोपे जाते.

टायरची बाजूच चिरली तर ठिगळाचा उपयोग नाही, कारण ट्यूब त्या फटीतून फुग्यासारखी बाहेर येते. गुहागरकडच्या एका सड्यावर माझ्या मागच्या टायरला जवळपास दोन सेंटिमीटरची चीर गेली होती. जुन्या टायरच्या बाजूचा कापलेला एक तुकडा मी पिशवीत ठेवतो. तो आतून चिरीवर ठेवून, हवा २५ वर ठेवून मी सोळा किलोमीटर परत आलो. असा तुकडा नसेल तर दुधाच्या रिकाम्या पिशवीच्या चार-पाच घड्याही गावापर्यंत पोहोचवतात.

ट्यूबलेस वापरणाऱ्यांनी काटा लगेच उपटू नये. सीलंट, म्हणजे टायरच्या आत ओतलेला छिद्र बुजवणारा द्रव, बहुधा त्याच्याभोवती जमतो. मोठे छिद्र असेल तर भरायची रबरी वात हातात तयार ठेवून मगच काटा काढावा. २९ इंची, २.२५ रुंदीच्या टायरला साधारण १०० मिली सीलंट लागतो आणि उष्ण हवेत तो लवकर वाळतो, म्हणून दर दोन महिन्यांनी व्हॉल्व्हचा गाभा काढून आत काडी घालून पाहावी. तरीही एक सुटी ट्यूब जवळ असावीच. तालुक्याच्या गावातही प्रेस्टा व्हॉल्व्हची २९ इंची ट्यूब मिळेलच असे नाही. मी दोन बाळगतो.

पुळण आणि धक्के

पुळणीवर सायकल चालवायची ती ओहोटीलाच. पाणी मागे गेल्यावर उरलेली ओली, घट्ट वाळू डांबरासारखी चालते, आणि वरची कोरडी वाळू कोणत्याही टायरला दमवते. वेळ काढण्याची कोळी बांधवांची रीत सोपी आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती आणि बाराच्या सुमारास ओहोटी. गावागणिक यात थोडा फरक पडतो, तेव्हा बंदरावर विचारून खात्री करावी. ओहोटीआधीचे दोन तास आणि नंतरचा एक तास निवांत मिळतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी परतते तेही वेगाने, आणि खडपाच्या (किनाऱ्यावरच्या खडकाच्या) टोकाला वळसा घालून गेलेल्या माणसाची परतीची वाट बंद होते.

वेळास, आंजर्ले आणि इतर काही किनाऱ्यांवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. घरटी भरतीच्या रेषेच्या वर, कोरड्या वाळूत असतात. त्या पट्ट्यात चाक नेऊ नये.

दाभोळ–धोपावेसारख्या फेरीबोटींनी खाड्या ओलांडताना एक काळजी घ्यावी. ओहोटीला धक्क्याचा खालचा उतार उघडा पडतो, त्यावर शेवाळ असते आणि कडेला कालवे चिकटलेली असतात. कालवाचा शिंपला पात्यासारखा असतो. तिथे सायकलवरून उतरावे आणि ती खांद्यावर घ्यावी.

घरी आल्यावर, त्याच संध्याकाळी

खाऱ्या हवेत एक रात्रही पुरते. पुळणीवरून आल्यावर सायकल विहिरीच्या किंवा नळाच्या गोड्या पाण्याने, बादली आणि मऊ ब्रश वापरून धुवावी. मोटारी धुण्याचा जोराचा फवारा हबवर किंवा पेडलच्या मधल्या बेअरिंगवर मारू नये. तो ग्रीस बाहेर आणि वाळू आत ढकलतो. आधी वरून नुसते पाणी ओतून वाळू जाऊ द्यावी, मगच फडके लावावे, नाहीतर तीच वाळू रंग घासते. तारांची टोके जिथे रिममध्ये शिरतात, तिथे मीठ साचते. तो भाग विसरू नये. नवीन चाक बांधून घेताना तारांच्या टोकांना ॲल्युमिनियमऐवजी पितळी निपल मागावेत.

सीटचा दांडा महिन्यातून एकदा काढून, पुसून, ग्रीस लावून परत बसवावा. माझ्या एका मित्राच्या पोलादी फ्रेममध्ये ॲल्युमिनियमचा दांडा दोन पावसाळ्यांत इतका घट्ट बसला की शेवटी तो कापून काढावा लागला. चेन पूर्ण वाळल्यावर प्रत्येक कडीवर तेलाचा एकेक थेंब टाकावा, पंधरा मिनिटांनी बाहेरचे सगळे तेल पुसून टाकावे. आत राहते तेच उपयोगाचे, बाहेरचे तेल तांबडी धूळ धरते आणि तिचा कानसेसारखा लेप होतो. तेल टाकताना ब्रेकच्या डिस्कवर शिंतोडा जाऊ नये म्हणून तिथे जुनी पिशवी बांधावी. चेनची झीज मोजायला पोलादी पट्टी पुरते. खिळ्यापासून खिळ्यापर्यंत बारा पूर्ण कड्या नवीन असताना बरोबर १२ इंच भरतात. शेवटचा खिळा एक-सोळांश इंच पुढे गेला की चेन बदलावी, नाहीतर महागड्या चाक्या खराब होतात.

पावसाळ्यात तांबडा चिखल ब्रेकची रबरे आणि पॅड फार वेगाने खातो. डिस्क असेल तर धातुमिश्रित पॅड रेझिनच्या पॅडपेक्षा अधिक टिकतात. शेवाळलेल्या कातळावर मात्र कोणतीही नक्षी आणि कोणताही ब्रेक भरवशाचा नाही. जुलै-ऑगस्टमध्ये मी सडे सोडून देतो आणि गाडीवाटांवरच फिरतो.

जे टायर पावसाळाभर काढून ठेवायचे, ते धुऊन, सावलीत पूर्ण वाळवून, घडी न घालता ठेवावेत. ऊन आणि विजेच्या मोटारीजवळ तयार होणारा ओझोन रबराला भेगा पाडतो, म्हणून पाण्याच्या पंपाची खोली टाळावी. माळ्यावर ठेवले तर उंदीर कुरतडतात. मी ते माजघराच्या आढ्याला रुंद कापडी पट्ट्याने टांगतो आणि नोव्हेंबरमध्ये पुन्हा चढवण्याआधी बाजू अंगठ्याने वाकवून पाहतो. तळाशी दोऱ्याचे धागे दिसले तर तो टायर सड्यावर न नेता बाजारहाटाच्या सायकलला देतो.